अमाराच्या केसांत माझा पेन

मुंबई

तीर्थरूप आबा,

पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

शनिवारी टीव्हीवर आपली अमारा दिसेल. कोल्हापुरात शिकताना आपल्या माडीवर राहिलेली ती नायजेरियाची पोर इथल्या विनोदाच्या कार्यक्रमात स्पर्धक आहे आणि मी परीक्षक. तिनं अगदी तुमच्या ठसक्यात विचारलं, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" लोक तिच्या उच्चारांनाच हसले. मग शेजारच्या परीक्षकानं माझ्यासमोरचा, तुम्ही दिलेला पेन उचलून तिच्या कुरळ्या केसांत खोचला. "बघा, पडतच नाही!" सगळे हसले. आबा, मीही हसले.

रंगरूपावरून माणसाला हिणवणाऱ्यांना मी गावोगावच्या व्यासपीठांवरून झोडपलं. आणि याच केसांना आई दारात बसून तेल लावायची.

नंतर अमारानं पेन परत दिला. "ताई, आबांनी दिलेला हाय न्हवं ह्यो? जपा की." ती भांडली असती तर बरं झालं असतं.

तो भाग काढा म्हटलं, तर कार्यक्रमवाले म्हणाले, जाहिरातीत तोच घेतलाय. उद्या कॅमेऱ्यासमोर तिची माफी मागणार आहे. तेवढंच कापलं, तर खुर्ची सोडून घरी येईन.

शनिवारी तुम्ही सगळी गल्ली गोळा कराल. करा. पण आईला आधी हे पत्र वाचून दाखवा. माझं ते हसणं तिला एकदम टीव्हीवर दिसू नये.

तुमची,
क्रांती