वीस जण वळले, एक चालत राहिला

केंदूर, सोमवार,
ता. ९-११-९८

राजश्री भिमाजीआप्पा, मुक्काम केडगाव, यांस केंदूरहून गेणबाचा रामराम. हे पत्र तुम्ही जेवण झाल्यावर वाचावं, कारण उपाशी माणसाला दुसऱ्याची बाजू पटत नाही. इकडे मी, पोरगा माऊली, सूनबाई रुपाली आणि महिन्याची नात असे सर्व ठीक आहोत. नात रात्री झोपत नाही, पण ते तिचं वयच आहे. तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? एरंडाचा पाला बांधता की पुन्हा त्या इंजेक्शनवाल्याकडे गेलात? म्हैस व्याली का? आणि तुमच्या अक्काची तब्येत कशी आहे? हे मी तुम्हाला विचारतो आहे याची मला लाज वाटते. बेचाळीस वर्षं हा प्रश्न तुम्ही मला विचारत होता आणि मी 'बरी आहे' असं लिहीत होतो. आता ती तुमच्या ओसरीवर बसली आहे आणि लिहायची पाळी तुमच्यावर आली आहे. निदान तेवढं तरी लिहावं.

शनिवारी दिवेलागणीला सुभानभाईच्या दुकानातल्या फोनवर तुम्ही म्हणालात, "दाजी, अक्का हितं हाय," आणि फोन ठेवून दिलात. बाकी काही बोलला नाहीत, रामराम नाही, काही नाही. पण खरं सांगतो आप्पा, ते ऐकून मी जिथं होतो तिथंच मटकन बसलो. (खाली साबुदाण्याचं पोतं होतं म्हणून बरं. सुभानभाई काही बोलला नाही, भला माणूस आहे.) लागोपाठ तीन तांबे पाणी प्यालो. तोपर्यंत घशाखाली थेंब उतरला नव्हता. कारण तोपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्या अक्काला दोनदा ट्रकखाली घातलं होतं, एकदा घोडनदीच्या डोहात आणि एकदा चुकीच्या गाडीत बसवून थेट नगरला नेलं होतं. ती नुसती रागावून भावाकडं गेली आहे हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं की मी दुकानातल्या माणसांना ते हसून सांगितलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फोनवरच सगळं बोललो असतो, पण त्या दुकानात फोन एकजण करतो आणि नऊजण ऐकतात. म्हणून पत्र. मी चौथीपर्यंत शिकलो (परीक्षेच्या दिवसांत कळप खाली कर्जतकडं होता, म्हणून तीनच धरा), तेव्हा अक्षराकडं बघू नये.

आता दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा. मात्र आधी शिरूरात माणसं कशी चालतात ते ऐका. आम्ही गेलो होतो बारशाच्या बाजाराला. येत्या रविवारी नातीचं बारसं आहे. घुगऱ्यांचे हरभरे घ्यायचे होते, आणि तुमच्या अक्काला टोपडं-झबलं तिच्या पसंतीनं घ्यायचं होतं. बाजाराचा दिवस. कंपनीतली पोरं सुट्टी म्हणून आलेली, चार-चार जण एकमेकांच्या गळ्यात हात घालून चालतात. म्हणजे रस्त्याला फाटकच लागलं. एक गृहस्थ सायकलीला वीस फुटी पाईप बांधून चालला होता. पुढून तो देवमाणूस, पण वळला की मागचं टोक अर्धा बाजार झाडून नेतं. एकाच्या हातात बोकडाचं दावं. बोकड रस्त्याच्या त्या अंगाला, धनी या अंगाला, मधे दावं आणि दाव्यात मी. त्याला म्हटलं तर म्हणतो, "त्याला सांगा की, ते माजं कुठं ऐकतंय." दोन बाया चालता चालता अशा थांबल्या जसं काही रस्ता तिथंच संपला, आणि कुणाच्या तरी सासूचं बोलू लागल्या. एकजण उलटा चालत होता, कारण ज्याच्याशी बोलायचं तो मागं होता. वडापवाल्यांचं तर विचारू नका. मी कुठं जाणार हे न विचारता एकानं दंड धरून मला जीपमधे निम्मं बसवलं होतं. 'नगर, नगर' म्हणत होता. मी म्हटलं, बाबा, नगरला माझं कुणी नाही. तो म्हणाला, "चला तर खरं, हुतील ओळखी."

या सगळ्यातून मी वाट काढत चाललो होतो. खांद्यावर दहा किलो हरभरे, आणि मागं तुमची अक्का. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो. तुम्हाला हे समजावून सांगायला नको, कारण तुमच्या-माझ्या बापानं मेंढरांमागं एकाच माळावर दिवस काढले. पुढं चालणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. माझा बाप म्हणायचा, पुढला थांबला की कळप थांबतो, आणि कळप थांबला की कुणाच्या तरी ज्वारीत घुसतो. मागचं बघायला मागं माणूस असतो, कुत्रं असतं. मेंढरं विकून आम्हाला पस्तीस वर्षं झाली, शेती झाली, विहीर झाली, पण मान काही वळायला शिकली नाही. आमच्या चालण्यात मी पुढं आणि मागचं बघायला तुमची अक्का, अशी रीत पडली. मागच्या माणसाच्या मागं कोण असतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो शनिवारी आला, पण केंदूरला पोचल्यावर.

कारण सबंध रस्ताभर मागं चपलांचा आवाज येत होता. मी थांबलो की तो थांबायचा, मी निघालो की निघायचा. शपथेवर सांगतो. मग मी बोलत होतो, जसा नेहमी बोलतो. पाईप आला, वाक. बोकडाला बघ. बांगड्यांपाशी थांबू नको. मधून मधून काही घरगुतीही बोललो (ते महत्त्वाचं नाही). मागून उत्तर येत नव्हतं, पण तुमच्या अक्काचं उत्तर तसंही केंदूर आल्यावर येतं. स्टँडवर गाडी लागलेली होती. मी खिडकीतून टॉवेल टाकून मागची जागा धरली आणि हरभरे मांडीवर घेऊन बसलो. पुढं बायांची ही गर्दी. म्हटलं, असेल त्यांच्यात. केंदूरला उतरलो आणि रिवाजाप्रमाणं पुढं चालू लागलो. वेशीपासून घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं मी एकटाच बोलत आलो, आप्पा.

माऊली दारात होता. "आई कुठंय?" मी म्हटलं, मागनं येतीय. तो रस्त्याकडं बघत राहिला, मीही बघत राहिलो. रस्त्यावरनं एक ट्रॅक्टर आला, दोन शेळ्या आल्या. पाऊण तासानं सूनबाई आतून म्हणाली, "आबा हरभरं घिऊन आलं आन् आत्याबाईंना इसरलं." माऊली मोटारसायकल काढून शिरूरला गेला, मी सुभानभाईच्या फोनपाशी जाऊन बसलो, आणि मग ट्रक, डोह, नगर वगैरे वर लिहिलंच आहे.

काल सकाळी माऊलीनं तुम्हाला फोन करून सगळी हकिकत विचारली. आला तो हसतच आला. बापाच्या जिवाला घोर आणि हा हसतो. म्हणाला, "आबा, तुमच्या मागं केडगावच्या बानूबाई चालत हुत्या. गर्दीत वाट करून देणारा बरा माणूस घावला म्हणून त्या पार स्टँडपातूर तुमच्या मागंच ऱ्हायल्या." म्हणजे तो चपलांचा आवाज तुमच्या गावच्या बानूबाईंचा. तुमची अक्का मला शोधत स्टँडवर आली तेव्हा गाडी सुटून गेलेली, आणि बानूबाई तिथंच चौफुल्याच्या जीपची वाट बघत होत्या. त्यांनी माहेरवाशिणीला ओळखलं, हकिकत सांगितली, आणि अक्का त्यांच्याबरोबर जीपमधे बसून तुमच्याकडं आली. अनवाणी. हे अनवाणीचं ऐकून मात्र मला राहवेना. हरभरे तसेच ठेवून मी त्याच पावली चप्पल शोधायला शिरूरला गेलो.

काल रविवार, बाजार मोडलेला, गर्दी निम्मीसुद्धा नव्हती. पण मला शनिवारची धास्ती बसलेली. चार पावलं टाकायची आणि मागं वळून बघायचं. मागं कुणी असायचं कारण नव्हतं, तरी बघत होतो. पहिल्यांदा वळलो तो एका अंडीवाल्याच्या सायकलीवर आदळलो. अंडी वाचली, पण तो म्हणाला, "बाबा, म्होरं बघा की. मागं काय सोनं सांडलंय व्हय?" मग चौकात मधोमध थांबलो आणि अक्का कुठं मागं राहिली असेल याचा अंदाज घेत होतो. तोच कंपनीतली चार पोरं माझ्यामुळं अडली. एकजण म्हणाला, "आजोबा, रस्ता तुमच्या नावावर हाय का?" आप्पा, हे वाक्य माझं आहे. ते मी गेली तीस वर्षं दुसऱ्यांना म्हणत आलो आहे. ऐकायला ते इतकं वाईट लागतं याची मला कल्पना नव्हती. मी गुमान बाजूला झालो.

स्टँडच्या वाटेवर चपला शिवणारा एक म्हातारा बसतो. त्याच्यापुढं एक चप्पल ठेवली होती, ती मी लांबूनच ओळखली. (अंगठा तुटायला झालाय, असं तुमच्या अक्कानं घरून निघतानाच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, शिरूरपर्यंत टिकंल. शिरूरपर्यंत टिकला, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवावं.) म्हाताऱ्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, "तुमीच का ते? बाईनं 'अवो' म्हणून तीन हाका मारल्या. ईस जण वळलं. एकजण तर जवळ यिऊन म्हणला, काय गं. तुमी तेवढं चालत ऱ्हायला."

बेचाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नाही, मी तिचं घेतलं नाही. घरात त्यानं काही अडत नाही, कारण घरात 'अवो' एकच आहे. पण बाजारात सगळेच कुणाचे तरी 'अवो' असतात, हे मला त्या म्हाताऱ्यापुढं उभं राहिल्यावर कळलं. तीन हाका मारल्यावर तिनं चप्पल तिथंच टाकली आणि मला अडवायला अनवाणी स्टँडकडं धावली. साठीची बाई धावली, आप्पा. त्या पायांना काटा लागला, काच लागली की काय, हे मी फोनवर कुणाला विचारलं नाही. तुम्ही बघून ठेवा.

चप्पल मी शिवून आणली आहे. कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवली आहे. दुसरी तिच्या पिशवीत असेल. टोपडं-झबलंही तिच्याच पिशवीत आहे, आणि त्याशिवाय बारसं होत नाही. आजीशिवायही होत नाही. गावात विचारतात तेव्हा मी सांगतो की आमची मंडळी भावाला बारशाचं आमंत्रण द्यायला केडगावला गेली आहे. तेव्हा तुम्हाला आमंत्रण पोचलं असं समजावं. तुम्ही सर्वांनी शनिवारीच यावं आणि अक्काला बरोबर आणावं. तिनं नाही म्हटलं तर नातीचं निमित्त सांगावं. तरीही नाही म्हटलं तर मी स्वतः चौफुल्यापर्यंत घ्यायला येतो. घर फार शांत झालं आहे. नात रडते तेवढंच. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत.

तुमचा,
गेणबा

ता. क. बानूबाईंनी तुम्हाला काही सांगितलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. बाजारात गलका फार होता. 'तुझा भाऊ बारशाला आठ दिवस आधी येऊन बसतो आणि त्याला गुळाचा चहा चालत नाही' असं मी बोललो म्हणे. ते तुमच्याबद्दल नव्हतं. 'घोरतो तर शेळी पान्हा चोरते' हेही तुमच्याबद्दल नव्हतं. ते एका दुसऱ्या भिमाजीबद्दल होतं, तो पाबळला असतो. साखर आणून ठेवली आहे.

आणखी एक. तुमच्या अक्काला सांगावं की यापुढं तिनं पुढं चालावं, मी पिशव्या घेऊन मागं चालीन. फक्त फार झपझप चालू नये. आणि चुकामूक झालीच तर मला खुशाल गेणबा म्हणून हाक मारावी. ही परवानगी शिरूरच्या बाजारापुरती आहे, केंदूरात नाही.

शेवटचं. जोड्यांच्या दुकानावरून जाताना मी मागं न बघता म्हणालो होतो, "पाय दुखत आसतील तुजं. बारसं झालं की तुला चांगली कातडी चप्पल घिऊ, मऊ बघून." तिथं माझ्या मागं बानूबाई होत्या, पण मी ते तुमच्या अक्कालाच म्हणालो होतो. बानूबाईंना बोलावून तेवढं तिच्यासमोर वदवून घ्यावं. बाकी सगळं त्यांनी चुकीचं ऐकलं, हे मात्र बरोबर ऐकलं आहे.