कोनाड्यातला सहावा कप

अण्णा, आज सकाळी निळ्या काठाच्या कपांपैकी शेवटचा माझ्या हातून निसटला आणि फुटला. तुम्ही असतात तर आधी शांतिमंत्र म्हटला असतात आणि मग मला वेंधळी. त्या दोन्हींना मुकले, म्हणून लिहायला बसले आहे.

ते सहा कप चाचांनी मुंबईहून आणले होते, आठवतं? रेवदंड्याला लाकडाची वखार असलेले तुमचे मुसलमान मित्र. रोज संध्याकाळी चौलला आपल्या ओटीवर यायचे आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर तुमच्याशी भांडायचे. भेट तुम्ही आनंदाने घेतलीत. पाच कप स्वयंपाकघरात गेले आणि सहावा ओटीवरच्या कोनाड्यात, खास चाचांसाठी. ज्याने कप दिले त्याच्याच ओठांनी ते बाटतात, हा सिद्धान्त मला अजून कुठल्याही ग्रंथात सापडलेला नाही. शोध चालू आहे.

मग भातं कापून झाल्यावर मोकळ्या शेतात सिनेमाचा तंबू आला. "शास्त्रीबुवा, धर्मावरचा सिनेमा हाय. तुमी नाय बघायचा तर कोनी?" असं म्हणून चाचा तुम्हाला घेऊन गेले. बायका आणि पुरुष यांच्या मधे दोरी बांधलेली. मी दोरीला चिकटून, तुमच्या पाठीमागेच. पडद्यावर एक भलेथोरले पंडित. आंघोळीआधी नदीला तिचं गोत्र विचारणारे, वारा कोळीवाड्यावरून आला की नाक दाबून मूर्च्छित पडणारे. तंबू हसून फाटायच्या बेताला आलाय आणि तुम्ही मांडी घालून गंभीर, जणू पुराण ऐकायला बसला आहात. पुढे पंडित कप वाटू लागले. न्हाव्याचा वेगळा, वैद्याचा वेगळा, जावयाचा वेगळा, ग्रहणात स्वतःचासुद्धा वेगळा. तुम्हाला राहवलं नाही. "साधु! साधु!" तुम्ही खणखणीत आवाजात म्हणालात. "व्यवस्था अशी हवी!" सगळा तंबू तुमच्याकडे वळून हसला. लोकांना वाटलं, शास्त्रीबुवा पंडिताची नक्कल करताहेत. एकटे चाचा हसले नाहीत.

परतताना तुम्ही रस्त्यातच कडाडलात, "धर्मावरचा म्हणालात! मला फसवलंत तुम्ही!"

"फसवला नाय, शास्त्रीबुवा," चाचा हळू आवाजात म्हणाले. "मना वाटला, तो कप तुमी वलखाल."

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. आठ दिवस आले नाहीत. तुम्ही ओटीवर येरझाऱ्या घालताय, चहावर साय धरतेय, आणि मी विचारते, "चाचांना निरोप धाडू का?" तर "मला काय त्याचं?" म्हणून पुन्हा फाटकाकडेच बघताय. नवव्या दिवशी उपरणं खांद्यावर टाकून तुम्ही स्वतः वखारीत गेलात. तिथे काय बोललात ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण परत आलात ते फणसाच्या लाकडाला वाळवी लागते की नाही यावरून चाचांशी तावातावाने भांडत, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ओटी चढताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "कोनाड्यात आता पंचांग ठेवायचंय. तो कप नेऊन आतल्या कपांत ठेव."

"पंचांगाला जागा पायजे, खरा हाय," चाचा तितक्याच गंभीरपणे म्हणाले.

मी कप आत नेला. खरं तर तेव्हाच सांगायचं होतं, पण तुमचा चेहरा लंका जिंकून आल्यासारखा, जीभ रेटेना. अण्णा, ते सहाही कप मोरीत एकत्रच पडायचे. सगळे एकसारखे. राखेने घासून झाले की हाताला लागेल तो मी कोनाड्यात नेऊन ठेवायची. चार वर्षं! तुम्ही एवढ्या कष्टाने जी भिंत पाडलीत, ती माझ्या आळसामुळे कधी उभीच राहिली नव्हती. हे पत्र टपालात टाकायची सोय नाही ते बरंच आहे, नाहीतर तुम्ही उलट टपाली प्रायश्चित्त कळवलं असतंत. आणि आज फुटला तो तुमचा की चाचांचा, ते मात्र मलाही सांगता यायचं नाही.