मैदानाकडे पाठ करून

अण्णा, परवाच्या रविवारी मी मैदानाकडे पाठ करून उभी होते, अगदी तुमच्यासारखी. मैदान डब्लिनच्या कडेचं, भणाण वाऱ्याचं, आणि खेळ बेसबॉल, जो तुम्ही कधी पाहिला नाहीत. बाकी सगळं तुम्हाला लगेच ओळखू आलं असतं. हरणारी टीम, तीच ती मोजकी माणसं, आणि पुढच्या वर्षी बघा, असं म्हणत घरी जाणं. तुमची नात या टीममध्ये खेळते. चेरीवूडला माझं ऑफिस आहे, तिथल्या काही हौशी मंडळींनी ही टीम काढली, पोरापोरींनाही घेतलं, आणि तेव्हापासून ती नेमाने हरते आहे.

आपल्या पेठेची फुटबॉल टीमही अशीच होती. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू, आणि आपली अब्रू दर हंगामात जायची. तुम्ही फौंड्रीतून सुटून थेट मैदानावर यायचात, कपड्यांना अजून तापलेल्या वाळूचा वास, आणि मला कठड्यावर बसवायचात. मॅच संपत आली की तुम्ही वळता. पाठ मैदानाकडे, तोंड प्रेक्षकांकडे. तुम्ही बघितलं की आपण गोल खातो, अशी तुमची पक्की खात्री. वरच्या पायरीवरून कोणीतरी हटकतंच, "काय अण्णा, मॅच हिकडं हाय व्हय?" तुम्ही शांतपणे म्हणता, "तुमची तोंडं बघतोय. त्यात सगळं दिसतंय." आणि मग हळूच मला, "बाळ, काय चाललंय, सांग की." मी सांगायला लागते, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरची तोंडं पडतात. घरी आलो की आई भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारायची, "किती गोलांनी?" कोण जिंकलं, हे तिने कधी विचारलं नाही.

एकदा जेवताना मी म्हटलं, पलीकडच्या पेठेची टीम धरूया की, ती दरवर्षी जिंकते. तुमचा घास हातातच राहिला. "त्यांस्नी माणसं काय कमी हाईत?" एवढंच म्हणालात. रागावला नाहीत. पण रश्श्यातली नळी, जी दर रविवारी माझ्या ताटात यायची, ती त्या दिवशी तुम्ही स्वतः चोखलीत, सावकाश, माझ्याकडे बघत. त्यानंतर मी कधी टीम बदलली नाही, इथे येऊनसुद्धा.

इथे मैदानाच्या कडेला माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ असतात. निवृत्त बस ड्रायव्हर. टीममध्ये त्यांचं कोणी नाही, तरी प्रत्येक मॅचला हजर. शेवटच्या डावात मी पहिल्यांदा पाठ फिरवली, ते त्यांनी पाहिलं. चहाचा थर्मास उचलून ते माझ्या पुढ्यात आले आणि मैदानावर काय चाललंय ते सांगू लागले. तेव्हापासून आमचं तुमच्या-माझ्यासारखंच झालं आहे. म्हणजे तुमच्या जागी मी, आणि माझ्या जागी ते. पंचाला ते "युवर मॅन" म्हणतात, म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा', आणि त्याच्या डोळ्यांबद्दल बरंच काही बोलतात.

सप्टेंबरमध्ये पोरगी कॉलेजला स्लायगोला जाणार. म्हणजे रविवारची तिची या टीमकडून शेवटची मॅच. सकाळी स्वयंपाकघरात पाण्याची बाटली शोधता शोधता ती म्हणाली, "आई, यू'व्ह नेव्हर सीन मी फिनिश अ गेम." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत येतं. मी म्हटलं, "मी बघितलं की तुम्ही हरता गं." "वी लूज एनीवे," ती म्हणाली. इंजिनिअर असूनही मी तिची बाटलीच शोधायला लागले. मग ती दारात थांबली. "जस्ट वन्स, आई. इट'स द लास्ट वन."

तरीही शेवटच्या डावात मी पाठ फिरवलीच. सवय. आपण एका रनने मागे. समोर थर्मासवाले. "शी'ज ऑन थर्ड," ते म्हणाले. तिसऱ्या बेसवर, म्हणजे तिथून धावत शेवटच्या पाटापर्यंत पोचली की बरोबरी. मग त्यांचा आवाज उतरला. "शी'ज लुकिंग ओव्हर हिअर, लव्ह. ॲट युवर बॅक."

अण्णा, मी वळले.

पलीकडे कोणीतरी बॉल टोलवला आणि ती सुटली. वेणी मागे सरळ आडवी. शेवटी तिने चिखलात अंग झोकून दिलं आणि घसरत आली, आणि त्याच क्षणी बॉलही आला. आपल्या भाषेत रनआउट, वीतभराने. मॅच संपली. हेल्मेट गडगडत एकीकडे गेलं. तिने मान वर केली, पण पंचाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. नाकापासून गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हे एवढं हसू.

"यू सॉ दॅट?" लांबूनच ओरडली.

"बघितलं."

थर्मासवाल्यांनी मला चहा ओतून दिला. "ग्रँड," ते म्हणाले. "नेक्स्ट इयर, सो."

हरणं इतकं देखणं असतं हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी मी ते तुम्हाला नुसतं "गेला गोल" असं सांगत आले, आणि तुम्ही तेवढ्यावर भागवलंत. आपली पोरं तेव्हा कशी पडली, कशी उठली, हे सांगायचं राहूनच गेलं.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. हे पत्र स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, भाकरीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवते; तुमच्याकडे टपाल जात नाही. पोरीला मी सांगितलंय की माझा असल्या गोष्टींवर आता विश्वास नाही, आणि ती खूश आहे. पण तुम्हाला म्हणून सांगते, मी वळले नसते तर ती पोचली असती.