आईच्या केसांचे आठ तुकडे

३ मार्च
मुलींचं वसतिगृह, खोली क्र. २७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमची खुशाली वहिनीच्या फोनवरून कळते. माझं बरं चाललंय. न्यायवैद्यक रसायनाचं शेवटचं सत्र आहे. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून पायांचे तुकडे पडतात. आमच्या बाई फार कडक. चिठ्ठीवर तारीख चुकली तरी नमुना फेकून द्यायला लावतात.

यंदा माझा विषय केस. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, आणि माणसानं घेतलेलं औषध त्यात उतरून बसतं. मुळापासून एकेक सेंटिमीटर कापत गेलं, की मागचा एकेक महिना वाचता येतो. तुलनेला औषधाला कधीच न शिवलेल्या माणसाचे केस लागतात. मी आईचे दिले.

डोकं फुटायची वेळ आली तरी नुसती पट्टी बांधून बसणारी बाई! ऑगस्टअखेर जिन्यावरून पडली, तेव्हा टाके घालायला नर्सनं तिचे केस मुळापासून कापले होते. त्यातच ती गेल्यावर ते मी कागदात गुंडाळून ठेवले. तू म्हणालास, "कचरा कशाला जपतेस?"

मुळापासून आठ तुकडे केले. टोकाकडचे दोन स्वच्छ. उरलेल्या सहांत झोपेचं औषध.

बाईंनी पुन्हा तपासायला लावलं. तेच आलं. सुरुवात गेल्या मार्चमध्ये. तू शिकवणीचा क्लास घरी आणलास तो महिना.

"आई मुलांसमोर येऊन बडबडते, लाज काढते," म्हणायचास. मग म्हणायला लागलास, "भ्रमिष्ट झालीय." शेजारच्या काकूंना पटलं. मलाही पटलं. ती भिंत धरून चालायची, बोलता बोलता शब्द हरवायची, आणि आपण दोघं तिच्यासमोरच तिची कीव करायचो.

वहिनीला विचारलं. आधी रडली. मग म्हणाली, "वन्सं, डबी शक्तीच्या गोळ्यांची होती. आत ह्यांनी दुसऱ्या भरल्या होत्या."

इथंच थांबणार होते. पण बाईंनी विचारलं, "मुळापासून तिसऱ्या तुकड्यात एकदम दुप्पट कसं?"

तो जून, दादा. मी अभ्यासाच्या सुटीत घरी होते. डबी माझ्याकडे होती. तू सांगितलं होतंस रोज एक. मी दोन दिल्या. गोळी पोटात गेली की ती चार तास गप्प पडते, हे मला तिसऱ्याच दिवशी उमगलं होतं. कसली गोळी, असं मी विचारलं नाही. माझी परीक्षा होती.

ती म्हणायची, "नको गं, डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं." मी नाक दाबून पाणी ओतायचे. एकदा बोटाला चावली. मी तिच्या थोबाडीत मारली. त्यानंतर ती आपणहून तोंड उघडायची.

त्या परीक्षेत मी पहिली आले.

काल पोलिसांकडे जबाब दिला. तुझ्या नावाखाली माझं नाव आहे. साहेब म्हणाले, "स्वतःचं आत्ता नाही सांगितलंत तरी चालेल." म्हटलं, लिहा. बाहेर आल्यावर, सोबत आलेल्या बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून मागून घेतली.

फोन करता आला असता. मुद्दाम साध्या टपालानं पाठवतेय. हे तुझ्या हाती पडेपर्यंत पोलीस येऊन गेलेले असतील, तेही क्लासची मुलं समोर बसलेली असताना. वेळ मीच सांगितली.

आईची म्हणवत नाही.

तुझीच,
धाकटी