विदेशी वाहिनीवरील खोट्या माराबाबत

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी साहेब,
रायगड जिल्हा, अलिबाग.

अर्जदार : सॅम्युएल एलियाह वाक्रुळकर, वय ६१ वर्षे, सेवानिवृत्त वॉचमन, तालमीचे वस्ताद, रा. वरसे, ता. रोहा.

विषय : विदेशी वाहिनीवरील मारामारीस आळा घालणे, बंद पाडलेली स्थानिक वाहिनी पुन्हा सुरू करणे, आणि येत्या शनिवारी एका मुलाची मान वाचविणेबाबत.

संदर्भ : १) केबल टीव्हीसंबंधीचा सन १९९५ चा कायदा. २) अर्जदाराने दि. २० नोव्हेंबर रोजी स्वतः केलेला गुन्हा (परिच्छेद ६ पाहावा).

महोदय,

१. अर्जदार वरसे येथील तालमीत एकतीस वर्षे वस्ताद आहे. अर्जदार बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू असून त्याचे भाऊ, बहिणी, चुलते आणि एकुलती एक मुलगी शीरा ही सर्व मंडळी एकेक करून परदेशी गेली. अर्जदार गेला नाही. तालमीचा हौदा ट्रंकेत घालून नेता येत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. परदेश पाहण्याची अर्जदारास कधीच हौस नव्हती. आता तो परदेश वायरीतून अर्जदाराच्या ओटीवर आला आहे, आणि येताना हातात लोखंडी खुर्ची घेऊन आला आहे.

२. रोहा, वरसे व पेणचा काही भाग येथे श्री. श्रेयस विष्णु टिपणीस, वय २६, यांची केबल आहे. ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे कै. टिपणीस मास्तरांनी सुरू केली. मास्तरांनी रोज संध्याकाळी सात ते आठ 'कुंडलिका दर्शन' नावाची आपली वाहिनी चालवली. तीवर जत्रेतल्या कुस्त्या, भजनाच्या बाऱ्या, वरशाच्या बायकांच्या फुगड्या आणि नागोठण्याला नदी चढली की तिची खबर असे. अर्जदाराची पत्नी सौ. दीना हिने आमच्या समाजाची मराठी गाणी तीवर चार वेळा म्हटली. आवाज घोगरा यायचा, चित्र हलायचे, पण पाहणारा पडद्यातल्या माणसाला नावाने ओळखायचा. मास्तर मे महिन्यात वारले आणि जुलैत चिरंजिवांनी ती वाहिनी बंद केली. आमच्याकडच्या बहुतेक टीव्हींना बाराच बटणे आहेत, त्यामुळे नवे आणायचे तर जुने काढावे लागते. सातव्या बटणावरून कुंडलिका दर्शन गेले, दुसऱ्यावरून दूरदर्शनही गेले. कायद्याने दूरदर्शन दाखविणे सक्तीचे आहे, असे अर्जदाराने त्यांना वाचून दाखवले. त्यावर ते म्हणाले, "वस्ताद, कायदा दाखवायला माझ्याकडं बटण कुठं शिल्लक आहे?"

३. सातव्या बटणावर आता विदेशी कुस्ती लागते. तिला कुस्ती म्हणणे अर्जदाराच्या जिभेवर येत नाही. त्यात गडी गड्याला शिडीवरून उडी मारून चिरडतो, साखळीने गळा आवळतो, खुर्ची डोक्यात घालतो. पुढची हकीकत गावातलीच आहे. गणपतीत दोन पोरांनी मंडपाचा बांबू एकमेकांच्या पाठीत मोडला. एका हळदीत नवऱ्यामुलाच्या भावाने नवरीच्या मामाला उचलून जेवणाच्या टेबलावर आपटले. टेबल मोडले, मामाचा खुबा मोडला आणि लग्नही मोडले. ऑक्टोबरात एसटीच्या शेडवरून एक जण दुसऱ्यावर उडी मारून पडला, आणि दोघांचीही गळपट्टीची हाडे मोडली. मासेविक्रेत्या काशीबाई यांनी घडीची खुर्ची नवऱ्याच्या डोक्यात घातली, त्यास सात टाके पडले. मात्र तो नवरा आजवर काशीबाईंना मारत असे तेव्हा कोणीही अर्ज केला नव्हता, अर्जदारानेही नाही. हे खोटे का सांगावे?

४. अर्जदाराचा जन्म पकडी सोडविण्यात गेला. मार खरा की खोटा हे त्यास एका नजरेत कळते. तो विदेशी मार खोटा आहे. ठोसा मारणारा पाय आपटून आवाज काढतो. खुर्ची सपाट बाजूने पाठीवर पडते. पडणारा स्वतःच उडी घेऊन पडतो आणि मारणारा त्याला हाताने अलगद सावरतो. ती माणसे वर्षानुवर्षे पडायला शिकलेली असतात. आमच्या पोरांना हे माहीत नाही. ती सारे खरे समजून करतात, म्हणून ते खरे होते. हे लोकांना समजावून सांगावे म्हणून अर्जदाराने श्री. टिपणीस यांच्याकडे पाच मिनिटे मागितली, आणि त्यांनी ती दिली, हे त्यांचे उपकार. दि. २ नोव्हेंबर रोजी अर्जदार सातव्या बटणावर उभा राहिला, आणि ही सर्व नुरा कुस्ती आहे, ठरवून केलेली फसवणूक आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. पाच मिनिटे संपायच्या आत पंचवीस-तीस जण श्री. टिपणीस यांच्या केबलच्या खोलीत घुसले. अर्जदाराच्या दोन फासळ्या व वरचा एक दात गेला. मार खोटा आहे असे म्हटल्याबद्दल अर्जदारास खरा मार बसला, साहेब, आणि तोही स्वतःच्या पठ्ठ्यांकडून. त्यांचे हात कुठून कसे येतात हे अर्जदारास आधीच कळत होते, कारण ते त्यानेच शिकवले होते.

५. हा परिच्छेद तक्रार म्हणून वाचू नये. फासळ्या मोडणारा इसम काळुराम मोकल, वय २२, हा धरमतरकडील मिठागरावर राबणाऱ्या घरचा आहे. त्याची विधवा आई गिरजाबाई हिने सहा वर्षांपूर्वी त्याला अर्जदाराच्या दारात आणले आणि म्हणाली, "माजे पोराला तुमचे हवाली करतंय, वस्ताद. मारा, पन माणूस करा." तेव्हापासून तो अर्जदाराच्या घरी जेवला आहे. सौ. दीना त्याचे ताट स्वतःच्या आधी वाढते. त्या दिवशी तो खोलीतल्या टेबलावर चढला आणि कोपर पुढे करून खाली पडलेल्या अर्जदारावर त्याने उडी घेतली. उडी चुकली होती. तो डोक्यावर फरशीला येणार हे अर्जदाराने खालून पाहिले आणि आपले अंग त्याच्याखाली सरकवले. फासळ्या त्यात गेल्या. तरीही त्याची मान कलली, आणि त्या दिवसापासून काळुरामच्या डाव्या हाताची मूठ आवळत नाही. अर्जदाराने त्यास हाताला धरून पेण येथील डॉक्टरांकडे नेले. एक्स-रेत मानेच्या मणक्यास तडा दिसतो. पुन्हा हिसका बसला तर हातपाय जातील किंवा जीव जाईल, असे डॉक्टर म्हणाले. काळुरामने एक्स-रे तिथल्या तिथे फाडला. तो म्हणाला, "मना काय व्हनार नाय, वस्ताद. टीवीवं ते रोज पडतान, दुसरे दिशी उठतान."

६. यानंतर अर्जदाराचा ताबा सुटला, हे तो कबूल करतो. दि. २० नोव्हेंबर रोजी भर दुपारी त्याने कोयत्याने वरसे ते रोहा अकरा खांबांवरील केबल तोडली, आणि तालमीतील गदेने श्री. टिपणीस यांच्या गच्चीवरील तबकडी ठेचून काढली. ती वाकेना म्हणून वीस-बावीस घाव घातले. खाली लोक जमले होते आणि दगड येत होते. धोंडुबाई नावाच्या शेजारणीने तिची मालिका बंद पडली म्हणून खलबत्त्यातला बत्ता फेकून मारला, तो अर्जदाराच्या कानशिलास लागला. तोडलेल्या वायरीबद्दल अर्जदारास पश्चात्ताप नाही. धोंडुबाईंच्या मालिकेबद्दल मात्र आहे, कारण ती मराठी होती. दुसऱ्या दिवशी नवी तबकडी बसली आणि पहिली सातव्या बटणावरचीच वाहिनी लागली. अर्जदारावर रीतसर गुन्हा नोंदलेला आहे. होईल ती शिक्षा त्यास मान्य आहे, फक्त ती शनिवारनंतर व्हावी.

७. कारण शनिवार, दि. १३ डिसेंबर १९९७ रोजी दुपारी चार वाजता श्री. टिपणीस यांनी वरशाच्या मैदानात 'टीव्हीसारखी कुस्ती' ठेवली आहे. फळ्यांचा मंच, चारही बाजूंना दोरखंड. हस्तपत्रकावर 'खुर्ची, शिडी, साखळी चालेल' असे ठळक छापले आहे. काळुराम मोकल विरुद्ध ठाण्याचा एक सव्वाशे किलोचा गडी अशी जोड लावली होती. अर्जदार श्री. टिपणीस यांच्या दारी गेला, एक्स-रेचे तुकडे चिकटवून दाखवले, आणि आयुष्यात प्रथमच कोणाच्या पायाला हात लावला. ते वाईट मनाचे नाहीत, ते बावरून मागे सरले. ते म्हणाले, "वस्ताद, हे सगळं खोटं असतं असं तुम्हीच टीव्हीवर सांगितलंत ना? मग घाबरता कशाला?"

८. साहेब, घाबरण्याचे कारण असे की काळुरामला खोटे पडता येत नाही. अर्जदाराने ते त्यास शिकवले नाही. उलट एकदा कोणाला तरी खूश करण्यासाठी तो जत्रेत मुद्दाम चीत झाला, तेव्हा अर्जदाराने त्यास वेताच्या छडीने पायाची सालटी निघेपर्यंत मारले होते आणि म्हटले होते, मरशील तरी चालेल, पण लबाडीने पडू नकोस. तो ऐकणारा मुलगा आहे. अर्जदारास या एका वाक्याची झोपेतही भीती वाटते. गिरजाबाईला बोलावून घेतले. तिने लेकाच्या पायावर डोके ठेवले, तर त्याने तिला उचलून बाजूला बसवले आणि दंड काढायला गेला. उजव्या हातावर काढत होता.

९. सबब अर्जदाराची मागणी अशी की, कायद्याने आपणास असलेल्या अधिकारात सदर केबलची यंत्रे शनिवारपूर्वी जप्त करावीत व ही कुस्ती मनाई हुकूम काढून थांबवावी. दूरदर्शन व कुंडलिका दर्शन पूर्ववत करावे. विदेशी वाहिन्या सर्वच बंद कराव्यात असे अर्जदार पूर्वी म्हणत असे. आता तो तसे म्हणत नाही, कारण जग कोयत्याने तुटत नाही हे त्याने करून पाहिले आहे. पण त्या वाहिन्यांनी इथे येताना इथली भाषा बोलावी, आणि मारामारी चालू असेतोवर चित्राखाली मराठीत ठळक अक्षरांत लिहावे की हा मार खोटा आहे, हा घरी करू नये. आणि आमच्या गावाचा एक तास आमच्याकडे राहू द्यावा. त्या तासात पडणारा माणूस आमच्या ओळखीचा असतो, त्यामुळे तो पडला की पाहणाऱ्यांतला कोणीतरी उठून धावतो.

१०. शेवटी एक गोष्ट कळविणे भाग आहे. ठाण्याच्या गड्याने एक्स-रेची हकीकत ऐकून परवा माघार घेतली. देव त्याचे भले करो. श्री. टिपणीस दुसरा गडी शोधू लागले, आणि तो मिळाला असता. म्हणून अर्जदाराने आपलेच नाव दिले. नवे हस्तपत्रक छापून आले असून त्यावर 'गुरू विरुद्ध चेला' असे आहे. शनिवार हा अर्जदाराचा शब्बाथ, म्हणजे धर्माने नेमलेला विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्याने आजवर लंगोट बांधला नाही. सौ. दीना हिने कालपासून अन्न सोडले आहे. ती एवढेच म्हणाली, "अहो, त्या पोरासाठी चालेल. देवाला मी सांगेन." अर्जदाराच्या फासळ्या अद्याप सांधलेल्या नाहीत, हे काळुरामला माहीत आहे, आणि तो हात राखणार नाही, हे अर्जदारास माहीत आहे.

आपला हुकूम शुक्रवारी सायंकाळपर्यंत न आल्यास अर्जदार शनिवारी चार वाजता मंचावर चढेल, आणि काळुरामचा हात लागताच, त्याने शिडीला हात घालण्यापूर्वी, पहिल्याच मिनिटात पाठीवर पडेल आणि उठणार नाही. लोक थुंकतील, खुर्च्या फेकतील, पोर त्याला लाथेने उठवील, तरी उठणार नाही. एकतीस वर्षांत अर्जदार एकदाही लबाडीने पडलेला नाही. साहेब, हे त्याच्याकडून करवून घेऊ नये, ही हात जोडून विनंती आहे.

आपल्या हुकमाकडे डोळे लावून बसलेला,
सॅम्युएल एलियाह वाक्रुळकर
वरसे, दि. ८ डिसेंबर १९९७

सोबत :
१. हस्तपत्रके, जुने व नवे, प्रत्येकी एक.
२. अर्जदारावरील गुन्ह्याची प्रत.
३. कुंडलिका दर्शन सुरू करावे म्हणून वरशातील ११२ रहिवाशांच्या सह्या व अंगठे. (पैकी ४० व्या क्रमांकावर धोंडुबाई.)
४. काळुराम मोकल याच्या मानेचा एक्स-रे, फाटलेला, मागून कागद चिकटवून जोडलेला. कृपया काम होताच परत पाठवावा, डॉक्टरांना पुन्हा दाखवायचा आहे.