जेवणाआधीची सुई

तीर्थरूप ताई, नमस्कार.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर म्हणशील, "अण्णांना घरी आण." मी आणि तुझी भावजय, दोघंही दिवसभर कामावर असतो, हे तुला पुन्हा सांगायला जीभ रेटत नाही.

वृद्धाश्रमात भेट फक्त रविवारी. पण अण्णांची साखर मधल्या वारीही एकदम उतरायची. जेवणाआधी इन्शुलिन टोचलं की थोड्या वेळाने घाम, थरथर आणि मला फोन. मी काम टाकून धावायचो. कालही असाच धावत गेलो आणि त्यांची उशी सारखी केली, तर खाली रुमालात बांधलेला भात.

"अण्णा, सुई घेऊन उपाशी राहता? जीव जाईल ना!"

"तू येतोस की तेवढ्यात," ते हसून म्हणाले.

देवापुढे बसलो, पण मागावं काय ते सुचेना. शेवटी नर्सबाईंना सांगितलं. डॉक्टरांनी बदल केला: आधी जेवण, ताट बघून मग सुई.

आज बाईंनी मलाही जेवणाच्या वेळी बोलावलं आणि स्वतः समोर बसल्या. "आजोबा, लबाडी बंद हं!" अण्णा मुकाट जेवले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "आता तुला बोलवायचं झालं, तर मी काय करू रे?"

मी म्हटलं, "रविवारी येतो."

तुझा धाकटा