वरचा पाव हिस्सा

दादा,

कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड आज बसवू नकोस. जुना पॉवर सप्लाय साडेचारशे वॅटचा आहे, त्याला ते झेपणार नाही.

शेवटच्या रविवारी बाबांनी चहा घेता घेता तुझ्या कार्डासकट सगळी बेरीज मला करून दाखवली होती. पाचशे वॅट भरले. "वर पाव हिस्सा मोकळा ठेवायचा. मशीनलाही दम खायला जागा लागते," म्हणाले. "झालं सुरू तुमचं पुराण!" असं म्हणून मी मधेच उठले. सोमवारी ते गेले.

आज सकाळी कॅबिनेट उघडलं. आत त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे: 'सव्वासहाशे. साडेसहाशेचा आणा.' तोच आण. कागद काढू नकोस.

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, आता उठत नाही. पुन्हा सांगा ना."